वाचून कायम

प्रिय ब्रोना,

दर नाताळला मी तुला कार्डावर चार ओळी लिहिते आणि तूही तेवढ्याच लिहितेस. त्यामुळे हे जाड पाकीट बघून तुला वाटेल, थेल्माचं काहीतरी बिघडलं. तसं काही नाही. गुडघा सोडला तर तब्येत ठीक आहे. आज सकाळी सरोवरावर असं धुकं उतरलं होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. मी धक्क्यावर जाऊन बसले. उत्तरेकडचे हंस आलेत. दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते, शेजारच्या खोलीत कोणी हळू आवाजात बोलत असावं तसे. अशा धुक्यात मला वर्षांचा अंदाज राहत नाही. मध्येच इंजिनाची धडधड आली आणि क्षणभर मी धरूनच चालले की ही तुमची होडी. आता फेलिम धुक्यातून बाहेर येईल, दोर माझ्याकडे फेकेल आणि म्हणेल, "पकड गं, सरकार." मी नगर परिषदेत नोकरीला लागल्यापासून तुझा भाऊ मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारत नव्हता. होडी आली ती भलत्याच कोणाची तरी होती. तिच्यातल्या तरुणाने मला मान लववली आणि वाम माशांची पेटी उचलून तो निघून गेला. मी तिथेच बसून राहिले, धुकं विरेपर्यंत.

हल्ली मला एक स्वप्न पडतं, दुपारी खुर्चीत डोळा लागला की. परिषदेचं जुनं सभागृह असतं. फरशीवर घोटाभर पाणी असतं, पण कोणाला त्याचं काही वाटत नाही. पंधराच्या पंधरा सदस्य उभे असतात, हात खाली सोडून, माना झुकवून. बाबाही असतात, दुकानातल्या त्या खाकी कोटात. कोणी बोलत नाही. खिडकीतून सरोवर आत येतंय आणि बाहेर जातंय, श्वासासारखं. जागी होते तेव्हा मला इतकं बरं वाटत असतं की मी डोळे उघडत नाही.

तुला टेक्निकल कॉलेजातला तो टायपिंगचा वर्ग आठवतो का? सतरा वर्षं आपण एकाच गावात वाढलो, तू चॅपेलच्या, कॅथलिकांच्या शाळेत आणि मी आमच्या, आणि एका बाकावर बसलो ते तिथे. पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, "तू प्रॉटेस्टंट ना? हरकत नाही, माझा खोडरबर वापरलास तर तो काही बाटणार नाही." मी आठवडाभर विचार करत होते की हा विनोद होता की टोमणा. बाई ग्रामोफोन लावायच्या आणि त्या तालावर आपण वीस मुली टाइप करायचो. मला आजही ती खोली पाण्याखाली असल्यासारखी आठवते, हिरवट उजेड आणि वीस यंत्रांची टकटक. शॉर्टहँडमध्ये तुझा वेग मिनिटाला एकशे वीस होता आणि माझा नव्वद. परिषदेच्या जागेसाठी मुलाखतीला आपण दोघी गेलो होतो. घेतलं मला. बाबा तेव्हा परिषदेत निवडून आलेले होते. तू बाहेर पायरीवर बसून सफरचंद खात होतीस आणि मला म्हणालीस, "सुटले बाई. नाहीतर जन्मभर त्या लोकांची भाषणं लिहून घ्यावी लागली असती." त्या विषयावर आपण त्यानंतर कधी बोललो नाही. आपण बऱ्याच गोष्टींवर बोललो नाही. ड्रमकेरात मैत्री टिकवायची तीच रीत होती.

मग एक्याण्णव साल आलं. मार्चमध्ये वेस्ली गेला. माझा आत्तेभाऊ, पावाची गाडी चालवायचा, तुमच्या गल्लीतही पाव टाकायचा. क्रॉसरोडपाशी गाडी थांबवून तुमच्या बाजूच्या बंदूकवाल्यांनी त्याला गोळ्या घातल्या. माणूस चुकला, असं नंतर कोणीतरी म्हटलं. जणू बरोबर माणूस सापडला असता तर चाललं असतं. त्या दिवशी आत्याच्या एवढ्याशा बैठकीच्या खोलीत खासदार येऊन गेले, बेलफास्टहून मंत्री आले, कॅमेरे आले. परिषदेत फोन थांबत नव्हता. अध्यक्षांनी मला निवेदन सांगितलं ते श्वास न घेता, 'भ्याड', 'रानटी', 'अमानुष', आणि त्यातला एकही शब्द मला जास्त वाटला नाही. झेंडा अर्ध्यावर आला. खास सभा भरली, सगळ्यांच्या बाहीला काळ्या फिती. मी इतिवृत्तात लिहिलं, 'दिवंगतास आदरांजली म्हणून सर्व सदस्य एक मिनिट उठून उभे राहिले.' हजर होते ते सगळे उभे राहिले हे खरं. तुमच्या चौघा कॅथलिक सदस्यांपैकी दोघे आले होते. एकाला नेमकी सर्दी झाली, आणि दुसऱ्याने पेपरला 'घटना खेदजनक आहे' एवढंच सांगितलं. आमच्यातले लोक तो 'खेदजनक' वर्षभर चघळत बसले होते. पण तुमच्यातले टोनर मास्तर आले होते. सर्वांत आधी उभे राहिले ते मास्तर.

आणि तू आलीस. आत्याच्या घरी, भरल्या घरात, एकटी, सोडा ब्रेड फडक्यात गुंडाळून. कोणाशी न बोलता स्वयंपाकघरात गेलीस आणि कप विसळायला लागलीस. काकांनी मला विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, "माझी मैत्रीण." "कुठली?" "धक्क्यावरची." धक्क्यावर सगळी तुमचीच घरं, हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. तुला ते सगळं ऐकू आलं होतं, तरी तू कप विसळत राहिलीस. शेवटी आत्याच म्हणाली, "अगं, तिला कोणी टॉवेल तरी द्या." मी तेव्हा तुझ्या पाठीकडे बघत होते. अशी पाठ मला असावी, असं वाटलं होतं.

ऑक्टोबरमधल्या त्या सकाळीही आजच्यासारखंच धुकं होतं. फेलिम शेडमध्ये दोरांचे गुंते सोडवत होता आणि आमच्या बाजूचे दोघे बंदूकवाले धक्क्यावरून चालत आले. हे तुला मी काय सांगायचं. माझ्या बाजूचं सांगते, ते तू पाहिलं नाहीस. त्या दिवशी परिषदेतला फोन वाजला नाही. मी दोनदा उचलून पाहिला, बंद तर नाही ना म्हणून. दुपारी अध्यक्ष आले, ओला कोट काढला. मी विचारलं, "साहेब, झेंड्याचं काय करायचं?" ते म्हणाले, "कसला झेंडा?" ब्रोना, ते कुचकेपणाने बोलले नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं मी काय विचारतेय. मग त्यांनी निवेदन सांगितलं. "कोणाचाही मृत्यू दुःखदच असतो. पोलिसांना त्यांचं काम करू द्यावं." थोडा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढं पुरे." मंत्री आले नाहीत. बाबांच्या दुकानात गिऱ्हाइकं रंगाचे डबे निवडत बोलायची, "त्याचं त्या बंदूकवाल्यांशी काहीतरी असेल. उगाच का कोणी दारात येतं." बाबा काउंटरमागे उभे राहून खिळे तोलत राहायचे. फेलिम गेली दहा वर्षं दोर त्यांच्याकडूनच नेत होता. घरी चहा पिताना ते एकदा कपाकडे बघत म्हणाले, "पोरगा सरळ होता." घरी म्हणाले. दुकानात नाही.

तुमच्याकडे अंत्यदर्शनासाठी दोन दिवस घर उघडं होतं, सगळं गाव येऊन जात होतं. मी केक केला. डबा घेऊन तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. काटेरी कुंपणाला लागून गाड्यांची रांग होती, आणि दाराशी तुमची माणसं सिगारेट ओढत उभी होती. त्यांतल्या कोणी माझ्याकडे पाहिलंही नसेल. मी तिथे उभी राहिले, किती वेळ ते सांगता येत नाही. दारातला उजेड धुक्यात विरघळून खूप लांब वाटत होता, पैलतीरावरच्या घरासारखा. मग मी मागे फिरले. तो केक बाबांनी आणि मी तीन दिवस खाल्ला. तू मला कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या मंगळवारी परिषदेची मासिक सभा होती. टोनर मास्तर उभे राहिले. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मार्चमध्ये आपण जे केलं तेच आज करावं, एवढीच विनंती आहे." अध्यक्ष म्हणाले, "विषयपत्रिकेवर नाही ते." मास्तर म्हणाले, "वेस्लीसाठी तर खास सभा भरवली होती." मागून कोणीतरी म्हटलं, "वेस्ली कसा होता ते सगळ्यांना माहीत होतं." "आणि फेलिम मलग्रू कसा होता ते माहीत नाही? याच खोलीतले पाचजण त्याच्याकडून वाम घेतात." "तेच तर, मास्तर. चौकशी चालू आहे. उद्या काही भलतंच निघालं तर आम्ही कोणासाठी उभे राहिलो असं होईल?" मास्तरांनी वाद घातला नाही. ते खुर्ची मागे सारून नुसते उभे राहिले. मग तुमचे बाकीचे तिघे. आमचे अकराही बसून होते. बाबा आपल्या बाहीचं बटण काढत होते आणि लावत होते. कोणीतरी चहात चमचा फिरवायला सुरुवात केली आणि तो थांबेचना. त्या मिनिटात मला सरोवर ऐकू येत होतं, इतक्या लांबून, बंद खिडकीतून. मग ते चौघे बसले. अध्यक्ष म्हणाले, "पुढचा विषय, बस थांब्यावरचे दिवे."

तू हे वाचून थांबली असशील. थांब, पण पुढे वाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाइप करायला बसले. शॉर्टहँडच्या वहीत सगळं होतं, चमच्यासकट. कागद लावला आणि मी टाइप केलं, 'कै. फेलिम मलग्रू यांस आदरांजली म्हणून सर्व सदस्य एक मिनिट उठून उभे राहिले.' मार्चमधलंच वाक्य, 'दिवंगतास'ऐवजी नाव घालून. सवयीने हात गेला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. 'सर्व' या शब्दाआधी मी थांबले होते. खिडकीबाहेर बघितलं होतं. मग टाइप केलं. मला वाटलं, निदान एका जागी तरी ते तसं झालेलं असावं.

महिन्याने सभेपुढे इतिवृत्त आलं. इतिवृत्त कोणी वाचत नाही, पण बाबा वाचायचे, पेन्सिल घेऊन, ओळन् ओळ. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करावं, सूचना कोणाची?" बाबांनी हात वर केला. माझ्याकडे पाहिलं आणि हात तसाच ठेवला. कायम झालं. सभा संपल्यावर व्हरांड्यात टोनर मास्तर माझ्यासाठी थांबले होते. म्हणाले, "मिस गिलपिन, तुमच्या टायपिंगमध्ये एक चूक आहे." मी म्हटलं, "दुरुस्त करू?" त्यांनी टोपी हातात फिरवली. "हा उतारा फेलिमच्या आईकडे जाणार का?" "नियमाप्रमाणे जातो." त्यांनी टोपी घातली. "मग राहू द्या," म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले. आमच्या दोघांत तेवढंच बोलणं झालं. मास्तरांना जाऊन आता वीस वर्षं झाली.

डिसेंबरात बाजारात तुझी आई भेटली. खाटकाच्या दुकानाबाहेर, तू तिच्या मागे दोन पावलांवर होतीस. तिने माझा हात धरला. "पोरी, कागद मिळाला गं. सगळे उभे राहिले?" मी म्हटलं, "हो." "तुझे वडीलसुद्धा?" "हो, मिसेस मलग्रू. तेसुद्धा." तिने हात सोडला नाही. म्हणाली, "माझ्या पोराबद्दल लोक नाही नाही ते बोलतात. मला झोप यायची नाही. पण तसं काही असतं तर हे लोक उभे राहिले नसते. हो ना?" मी म्हटलं, "नसते राहिले." तेव्हा तिच्या खांद्यावरून तू माझ्याकडे बघून हसलीस, दोन महिन्यांत पहिल्यांदा. बर्फ भुरभुरत होता, खाली पडायच्या आतच विरत होता, आणि मला वाटलं, मी चांगलं काम केलं. दोन वर्षांनी तू हॅलिफॅक्सला गेलीस. आई गेली तेव्हा तू मला लिहिलंस, 'बाकी काहीही असो थेल्मा, त्या दिवशी तुम्ही सगळे उभे राहिलात हे मी विसरणार नाही.' ते पत्र माझ्याकडे आहे. मी ते पुन्हा उघडू शकलेले नाही.

बाबांशीही त्यावर कधी बोलले नाही. शेवटच्या आजारात एकदा उशीवरून मान वळवून त्यांनी विचारलं, "त्या मलग्रूंच्या पोराचं तू नीट लिहिलंस ना?" मी म्हटलं, "लिहिलं." "बरं झालं," म्हणाले आणि झोपले, अगदी शांत. त्यांच्या चेहऱ्यावरची ती शांती बघून मला राग आला. तोपर्यंत मला वाटत होतं मी ते तुझ्या आईसाठी केलं. त्या दिवशी कळलं की त्या एका ओळीवर आणखी बरेच जण आरामात झोपलेत. आम्ही अकराही जण. बारावी मी.

आता हे तेहतीस वर्षांनी का लिहितेय ते सांगते. आपली परिषद केव्हाच मोडली, मोठीत मिसळली, वह्या तिकडच्या कार्यालयात गेल्या. तिथली एक मुलगी मागच्या महिन्यात माझ्याकडे आली, ऑर्ला नावाची, गोड पोर आहे. मी चहा केला. तिने बॅगेतून माझ्या त्या दोन ओळींची छायाप्रत काढली, मार्चची आणि ऑक्टोबरची, शेजारी शेजारी. म्हणाली, "मिस गिलपिन, मला वाटलं होतं तेव्हा सगळं वाईटच होतं. आणि हे बघा ना." धक्क्यावर ते दगड बसवणार आहेत, वेस्लीचं आणि फेलिमचं नाव, आणि खाली कोरणार आहेत, 'सर्व सदस्य उठून उभे राहिले.' दोन्हीकडचे पुढारी खूश आहेत. आमच्यातले एक रेडिओवर बोलले, "आमच्या वडिलांनी तेव्हाही दोन्ही घरांना एकच न्याय लावला, उगाच जुनं उकरू नये." त्यांचे वडील म्हणजे तो चमचा. तुला आमंत्रण येईल, सोबत ती छायाप्रत असेल, आणि तू दोन शब्द आभाराचे बोलावेस अशी विनंती असेल. म्हणून हे पत्र त्याच्या आधी पोचायला हवं. मी फोन केला नाही, कारण फोनवर तू 'असू दे गं' म्हणाली असतीस आणि मी असू दिलं असतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ऑर्लाकडे जाऊन सगळं लेखी देणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. खोटं लिहिताना मी कोणाला विचारलं नव्हतं. फक्त ते तुला एखाद्या अधिकाऱ्याच्या पत्रातून कळू नये. तुझी आई आज समोर आली आणि तिने पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा 'हो' म्हणेन, हेही खरं आहे. तुला मात्र ते म्हणू शकत नाही. आणि एक राहिलं. मी वर चौघे उभे राहिले आणि अकरा बसले असं लिहिलं, पण त्या खोलीत आम्ही सोळा होतो. लिहून घेणाऱ्याने उभं राहू नये असा काही नियम नव्हता. मार्चमध्ये वेस्लीसाठी मी वही टेबलावर ठेवून उभी राहिले होते. ऑक्टोबरमध्ये ती माझ्या मांडीवर उघडी होती, हातात पेन्सिल होती, आणि मी लिहीत राहिले.

तुझीच, अजूनही म्हणू देशील तर,
थेल्मा